मामा तलावातील माशांचे घर कायद्याच्या कागदावर कसे आणावे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात येणारा नाला गढूळ पाण्याने भरून वाहू लागतो आणि तलावातले कितीतरी मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. अंडी घालण्यासाठी त्यांना काठाजवळचे गुडघाभर पाणी, त्यातल्या पाणवनस्पती आणि नुकतीच बुडालेली गवताळ जमीन लागते. मरळ तर वनस्पती बाजूला सारून पाण्यात वाटोळी जागा मोकळी करते, तिथे अंडी घालते आणि पुढे पिल्लांची राखण करते. सकाळच्या शांत पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा श्वास घ्यायला वर येतो आणि त्याच्या खाली मोठ्या माशाची काळी सावली हलते, हे ज्याने पाहिले आहे त्याला माशाचे घर म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. अडचण अशी आहे की हे घर बहुधा कुठल्याच शासकीय कागदावर नसते. कागदावर तलावाचे क्षेत्र असते, सिंचनाचे हेक्टर असतात, ठेक्याची रक्कम असते. उथळ काठ, चढणीची वाट आणि उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारा डोह मात्र नसतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांनी कायद्याचा आधार घ्यायचा असेल, तर काम इथूनच सुरू करावे लागते. कायदे कमी नाहीत, परंतु कायद्याला बोट ठेवायला जागा लागते आणि ती जागा गावाने आधी स्वतः नोंदवून घ्यावी लागते.

प्रथम सध्याच्या कायद्यांची मर्यादा समजून घ्यावी. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आणि जाळ्यांवर व मासेमारीच्या काळावर नियम करण्याचा अधिकार शासनाला दिला. पुढे राज्याचा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आला. या कायद्यांचा भर मासा कसा मारला जातो यावर आहे. जेसीबीने काठ खरवडून काढला आणि त्यामुळे पुढच्या वर्षी पिल्लेच झाली नाहीत, तर त्याला हे कायदे सहसा पुरे पडत नाहीत. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांकडे वळावे, तर त्यांतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, आणि मालगुजारी तलाव सिंचनासाठीच बांधला गेला, हे उत्तर कार्यालयातून मिळण्याची तयारी ठेवावी. तेवढ्याने मागे फिरू नये. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नोंदीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा आहेत आणि त्यांना २०१० च्या नियमांतील नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. त्या नियम ४ मध्ये भर घालणे, घनकचरा टाकणे आणि उच्चतम पूररेषेच्या सरासरीपासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करणे यांना मनाई आहे. आपला तलाव त्या नोंदीत आहे का हे पाहावे, आणि असल्यास पुढच्या प्रत्येक अर्जात तसे लिहावे.

त्यानंतर जुने कागद मिळवावेत. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली आणि तलाव शासनाकडे आले. तथापि गावकऱ्यांचा त्यांच्यावरचा वापर निस्तार, म्हणजे वहिवाटीचा सामायिक वापर, म्हणून चालत राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. कलम १६५ खालील वाजिब-उल-अर्जात गावातील पाणी नेण्याची, वहिवाटीची आणि मासेमारीची रूढी नोंदवता येते, मात्र ती शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीपुरती आणि पाण्यापुरती. म्हणून खासगी बोडी, म्हणजे छोटे तळे, किंवा खासगी शेतातून तलावाकडे येणारी पाण्याची वाट यांच्यासाठी ती उपयोगी पडते. सर्व हितसंबंधी व्यक्तींची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी त्यात नवी नोंद घेऊ शकतात, त्यामुळे शेतमालकांना आधी विश्वासात घ्यावे. वाद पेटल्यावर ही संधी जाते. शासकीय तलावातील मासेमारीचे नियम कलम १६६ खाली होतात.

निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीतील, म्हणजे दप्तरातील, तलावाचे पान, गाव नकाशा आणि सातबारा यांच्या प्रमाणित प्रती तहसील व भूमी अभिलेख कार्यालयातून घ्याव्यात. दिरंगाई झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा, म्हणजे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक होते. जुन्या नकाशावरचे तलावाचे क्षेत्र आणि आजचे क्षेत्र यांतील फरक हाच पुष्कळदा अतिक्रमणाचा पहिला पुरावा ठरतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे प्रत्यक्ष फिरून नोंद करणे. ती घाईने करू नये आणि केवळ शिकलेल्या मुलांवर सोपवू नये. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील वयस्क माणसे आणि काठाच्या पाण्यात मासे धरणाऱ्या स्त्रिया यांना बरोबर घ्यावे, कारण कोणत्या कोपऱ्यात कोणता मासा कोणत्या नक्षत्रात सापडतो हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. फेरी वर्षातून दोनदा घ्यावी. मे महिन्यात पाणी आटलेले असताना शेवटी कोणता डोह उरतो ते दिसते; तिथे तग धरलेल्या माशांवरच पुढच्या वर्षीची पैदास अवलंबून असते. पावसाळ्यात नाला, सलंग म्हणजे सांडवा, आणि त्याच्या खालचा ओहोळ यांमधून मासा कसा चढतो ते पाहावे. प्रत्येक जागा गट क्रमांकासह नकाशावर दाखवावी, पाणवनस्पतींची व माशांची नावे गावात बोलतात तशीच लिहावीत, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे आणि तारखेसह छायाचित्र जोडावे. बेशरम ही उपद्रवी वनस्पती कुठे माजली आहे तेही लिहावे, कारण काय काढायचे हे लिहिल्याशिवाय काय राखायचे हे ठेकेदाराला कळत नाही.

ही नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत जाईल याची काळजी घ्यावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते आणि समितीच्या उद्देशांत अधिवासांचे जतन हे शब्द कायद्यानेच घातले आहेत. हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण माशाचे घर म्हणून घर राखण्याचा इतका सरळ आधार ग्रामपातळीवर दुसरीकडे क्वचितच मिळतो. पुष्कळ गावांत समिती कागदोपत्री असते; तिची सभा बोलवावी, नोंदवहीत तलावाचे स्वतंत्र प्रकरण जोडावे आणि ते ग्रामसभेत वाचून कायम करावे. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. सिंधुदुर्गातील आंबोली येथे शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशासाठी २.११ हेक्टर जागा २०२१ मध्ये अशी घोषित झाली आहे. मंदिराच्या कुंडातल्या बोटाएवढ्या माशासाठी हे होऊ शकते, तर पिढ्यान्‌पिढ्या देशी मासे सांभाळणाऱ्या तलावासाठी तसा प्रस्ताव पाठवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

तलाव वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा, २००६ हा सर्वांत बळकट आधार आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे व जलाशयातील इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत आहे आणि कलम ५ मध्ये पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार व कर्तव्य ग्रामसभेला दिले आहे. सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यात तलावाचा उल्लेख मोघम न ठेवता येणारा नाला आणि बुडीत काठ यांसह करावा. अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ढिवर कुटुंबांचे दावे नेमके इथे अडतात, म्हणून जुन्या मिसली, निस्तार पत्रक आणि वडीलधाऱ्यांचे जबाब त्यांच्यासाठी आधीच गोळा करून ठेवावेत. गडचिरोलीतील अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या, कायद्याचाही आधार आहे. त्यात लघु जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवलेले आहे.

नोंद झाली तरी ती कामाच्या आदेशात उतरली नाही तर उपयोग होत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका तलावाच्या कामासाठी झालेल्या ग्रामसभेत मीही हात वर केला होता. ठरावात ‘तलावाचे खोलीकरण करणे’ एवढे तीनच शब्द होते. यंत्र आले, काठापासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखी खोली झाली, गाळाबरोबर वनस्पतींचे कंद आणि बी ट्रॅक्टरमधून शेतात गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी भरपूर असूनही मरळीची पिल्ले दिसली नाहीत. ठेकेदाराने ठरावाप्रमाणेच काम केले होते. दोष आमच्या तीन शब्दांचा होता.

म्हणून आता ठराव असा लिहावा, असे मी सुचवतो: “गट क्रमांक अमुक मधील तलावाचा गाळ काढताना सोबतच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या काठाच्या पट्ट्यात यंत्र नेऊ नये, तलावाच्या पोटाचा उतार काठाकडून डोहाकडे क्रमाने ठेवावा, नाल्याचे तोंड व सलंग यांमध्ये मासे चढण्यास अडथळा होईल असे बांधकाम करू नये, काम एका वर्षी तलावाच्या एकाच भागात करावे, कामाच्या आधी व नंतर जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहणी करील आणि तिच्या अहवालाशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये.” या ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला निविदेच्या आधी पोचली पाहिजे. अटी अंदाजपत्रकात गेल्या तरच ठेकेदारावर बंधन येते.

मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्याबाबतही हेच धोरण ठेवावे. संस्थेला शत्रू मानणे ही मोठी चूक आहे. तलाव जिवंत राहावा ही गरज सर्वांत आधी तिच्याच सभासदांची आहे. संस्थेनेच स्वतःच्या सभेत ठराव करावा की अंडी घालण्याच्या दिवसांत सलंगीजवळ व नाल्याच्या तोंडाशी जाळे लावले जाणार नाही, पाणवनस्पती फस्त करणारा गवत्या मासा तलावात सोडला जाणार नाही, आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर बीजात मिसळून येत नाही हे तपासले जाईल. पुढच्या ठेक्याच्या करारनाम्यात या अटी घालण्याची मागणी संस्था आणि ग्रामसभा यांनी मिळून करावी.

उल्लंघन झाले तर पहिले दोन दिवस निर्णायक असतात. मासे मरून तरंगताना दिसल्यास छायाचित्रे घ्यावीत, तलाठी व ग्रामसेवक यांच्यासमोर पंचनामा करून घ्यावा, मत्स्यव्यवसाय विभागाला आणि पोलिसांना लेखी कळवावे आणि पाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृतपणे घ्यावा अशी मागणी करावी. जलप्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २४ ने पाण्यात विषारी वा प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई केली आहे. बाटलीत आपणच भरून ठेवलेले पाणी न्यायालयात फारसे टिकत नाही. अतिक्रमण असल्यास महसूल संहितेच्या कलम ५० खाली अर्ज करावा आणि जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातील २८ जानेवारी २०११ च्या निकालाचा आधार द्यावा. तो खटला गावतळ्यावरील अतिक्रमणाचाच होता.

एवढ्यानेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाकडे जाता येते. पर्यावरणविषयक वादासाठी तेथील मुदत वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची, तर नुकसानभरपाई व पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी पाच वर्षांची आहे. त्यामुळे कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. पहिल्या अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे की नाही हे टेबलासमोर उभे असतानाच पाहावे आणि त्याच दिवसापासून वकिलासाठी कागद लावायला घ्यावेत.