साथीत डोळे आले तर घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे

2023 च्या जुलैत आळंदीत हजारो जणांचे डोळे आले आणि पाहता पाहता साथ पुणे शहरातही पसरली. अशा साथींमागे बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस किंवा एंटेरोव्हायरस असतो, आणि बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. म्हणूनच साध्या दुखण्यातून गंभीर दुखणे वेगळे ओळखणे, हे पहिले काम.

त्यासाठी एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचा. मग डोळा बदला. लाली, पाणी, वाळू गेल्यासारखे खुपणे आणि सकाळी पापण्या चिकटणे एवढेच असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र अक्षरे पुसट दिसत असतील, उजेड सहन होत नसेल, डोळा ठणकत असेल, रुग्ण तान्हे बाळ असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डोळा पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर हात साबणाने धुवावेत, कारण अ‍ॅडिनोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळावा, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवावा आणि टाकून द्यावा. त्याच बोळ्याने दुसरा डोळा पुसला, की दुखणे आपल्याच हाताने तिकडे पोहोचते.

मोरीतल्या खिळ्यावर लटकणारा, घरातल्या चौघांचा एकच टॉवेल, हे माझ्या मते साथ पसरण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. रुग्णाचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवावी, अभ्रा रोज बदलावा, मोबाइल पुसत राहावा. नुसते डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा उजेडापासून आराम देतो आणि हात डोळ्यांपर्यंत जाऊ देत नाही, एवढाच त्याचा उपयोग. पाणी गळणे थांबेपर्यंत मुलांना शाळेत पाठवू नये.

विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. गार पाण्याची पट्टी आणि डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब बहुधा पुरतात. शेजाऱ्यांना लागू पडलेली बाटली मात्र आणू नये: तिच्यात स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवसांत उतरते, पण आत हर्पिस या विषाणूचा संसर्ग असल्यास बुबुळाला जखम होऊन नजर कायमची अधू होऊ शकते. गुलाबपाणी, मध, बाळाच्या डोळ्यांत आईचे दूध हेही टाळावे.

लाल डोळ्यासोबत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी असेल, तर फिजिशियनलाही दाखवावे. 2024 मध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात सापडलेल्या, डासांमुळे पसरणाऱ्या झिकातही डोळे लाल होतात. चिकुनगुनियाने डोळ्याच्या आतल्या पडद्यांना सूज येऊ शकते, तीही कधी ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी. कोविडमध्ये डोळे येणे सौम्य असते, पण 2021 च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या अनेक रुग्णांना म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या संसर्गाने गाठले. एका बाजूचा चेहरा दुखणे, पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नाकातून काळपट स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे.

लाली गेल्यावरही रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर अ‍ॅडिनोव्हायरसमुळे बुबुळावर बारीक ठिपके उमटलेले असू शकतात. ते बहुधा विरतात, काहींना त्यासाठी काही महिने लागतात. तपासणी मात्र नेत्रतज्ज्ञांकडेच करावी, मेडिकलच्या काउंटरवर नव्हे.