आधी डमी, मग कॅमेरा

यंदा कॉलेजच्या वार्षिक अंकाचे फोटो तुमच्या गळ्यात पडले असतील, तर कॅमेरा तूर्त कपाटातच राहू द्या. आधी कोरे कागद दुमडून अंकाची डमी करा. पिनांच्या बांधणीत पानं चारच्या पटीत लागतात. ६४ चालतील, ६८ चालतील, ६६ म्हटलंत की प्रेसवाला हसेल. प्रत्येक पानावर पेन्सिलीने चौकोन आखा: इथे उभा फोटो, इथे आडवा, इथे दोन पानांवर पसरलेला. माझ्या पहिल्या वर्षी आमच्याकडे हजारभर फोटो होते आणि मुखपृष्ठाला चालेल असा उभा एकही नव्हता. अंकाच्या नावासाठी वर मोकळं आकाश सोडावं लागतं, हेही तेव्हाच कळलं.

छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरा. ए-४ पान आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कड), म्हणजे पूर्ण पानाच्या फोटोला साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल हवेत. एनएसएस शिबिराचे फोटो हमखास व्हॉट्सॲपवरून, म्हणजे आकसून येतात. लांबीला १६०० पिक्सेलचा फोटो जेमतेम पाच इंचांवर नीट छापता येतो. मुलांना आधीच बजावून ठेवा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’.

स्नेहसंमेलन ही खरी परीक्षा. रिकामी कार्डं आणि चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या सोबत असू द्या, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या रूपात) ठेवा. भाषणाला शटर १/१२५ सेकंद पुरतं, नाचाला १/२५० तरी लागतं. त्यापायी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००वर गेला तर जाऊ द्या. त्याने फोटोत येणारे दाणे खपतात, हललेला चेहरा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने सावरत नाही. एलईडीच्या जांभळ्या उजेडात चेहऱ्यांचे रंग मरतात. असा फोटो रंगात सुधारत बसण्यापेक्षा कृष्णधवल करून बघा, बऱ्याचदा तोच पानावर उठून दिसतो.

ग्रुप फोटो सावलीत, एफ/८वर (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे मागची रांगही स्पष्ट), निदान पाच वेळा. कुणीतरी डोळे मिटतंच. माणसं पांगायच्या आत ‘डावीकडून’ची नावं वहीत उतरवून घ्या. दोन पानांवरच्या फोटोत मधल्या घडीत कुणाचा चेहरा जाणार नाही ना, हे डमीवर तपासा. आमच्या एका अंकात प्रमुख पाहुण्यांचं अर्धं नाक शिवणीत गेलं होतं.

एडिटिंगला बसाल तेव्हा मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. आधी निर्दयपणे निवड, मग काटछाट, मग रंग आणि उजेड; शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) अगदी शेवटी, फोटो पानावरच्या मापाला आणल्यावर. फोटोशॉप नसेल तर फुकटचं गिंप पुरतं. मुलींचे चेहरे ‘जरा उजळ करून दे’ अशी फर्माईश येईल, ती सरळ नाकारा. सावळा रंग बिघडतो तो फोटो कमी एक्स्पोज केल्याने. कॅमेऱ्याची चूक त्वचेवर ढकलू नये. स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवून काम करा, कारण कागदावर सगळं गडदच येतं. शिवाय सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) झगझगीत निळा बराच फिका पडतो, तेव्हा मुखपृष्ठावर त्याच्या भरवशावर राहू नका.

निदान मुखपृष्ठाचं आणि रंगीत पानांचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) कागदावर मागा. ते प्रेसच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दाराबाहेर उजेडात न्या. नावांची वही सोबत घेऊन जा.