बाई, पळायला शिकवलंत कधी?

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून नुकतेच शाळेत लागलेले बरेच जण सत्र संपत आलं की विचारतात, मॅडम पीटीचे मार्क कसे भरायचे हो. तर हा माझा अनुभव, त्यातला निम्मा चुकांचाच आहे.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत लागले तेव्हा सातवीच्या एका तुकडीत 66 मुलं, आठवड्याला दोन तास, तास 35 मिनिटांचा, त्यातला एक गणिताच्या सरांनी मागून घेतलेला (मागून म्हणजे काय, न विचारताच). मैदान एवढंसं, कडेनी एक फेरी मारली तर 120 मीटर. सप्टेंबर उजाडला आणि ऑफिसातून निरोप आला की नोंदी द्या. माझ्याकडे काहीच नव्हतं. मग काय, स्टॉपवॉच घेतलं, दोन दिवसात सगळ्यांना 50 मीटर आणि 600 मीटर पळवलं, वेळेप्रमाणे उतरत्या क्रमानी मार्क लावले आणि मोकळी झाले. मला वाटलं घड्याळ कुणाची बाजू घेत नाही, म्हणजे हे एकदम फेअर.

पालकसभेला एक आई आली, मंडईत भाजीचा गाळा आहे त्यांचा. मुलाला मी शंभरपैकी 54 दिलेले, म्हणजे क-1 श्रेणी. भांडायला नव्हती आली, शांतपणे म्हणाली, "बाई, पळण्यात कमी पडला म्हणता, बरोबर असेल. पण पळायला शिकवलंत कधी?" मी काहीतरी सारवासारव केली पण घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. कारण खरंच नव्हतं शिकवलं. जून-जुलै पावसात हॉलमध्ये कवायत आणि सूर्यनमस्कार घेतले, ऑगस्टमध्ये खो-खो, आणि मार्क कशाला दिले तर पळायला! सातवीत एक मुलगा पाच फुटाचा आणि मिसरूड फुटलेला असतो, शेजारचा अजून चौथीतला वाटतो, मुली साधारण दोनेक वर्षं आधीच वाढायला लागतात, त्यामुळे घड्याळ जे मोजतं त्यात बराचसा भाग वयात कोण कधी आलं हाच असतो. त्याचे मार्क आपण कोण देणार.

नियमाचं सांगायचं तर 20 ऑगस्ट 2010 च्या जीआरनी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पहिली ते आठवीला कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला संकलित (सत्राच्या शेवटची) परीक्षा नाही, सगळं आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारं. वर्षभर बघत राहून नोंद करायची असंच अपेक्षित आहे, शेवटच्या दोन दिवसातली पळापळ नाही. मी जीआर वाचला होता हो, पण परीक्षेपुरता.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं प्रगतीला मार्क देऊ, जूनमध्ये एक वेळ, सप्टेंबरमध्ये दुसरी, जेवढी सुधारणा तेवढे मार्क. पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात. दुसऱ्या तुकडीची चाचणी येईपर्यंत बातमी फुटली होती आणि सगळे जूनमध्ये सिंहगड चढून आल्यासारखे रमतगमत पळाले. आणि जी मुलगी आधीच जोरात पळते तिनी अजून किती सेकंद कमी करायचे? तिच्यावर उलटा अन्याय.

मग हळूहळू जे जमलं ते हे की जे शिकवलं तेच बघायचं. 600 मीटर घ्यायचे तर आधी तीनचार तास वेग राखायला शिकवते. आमच्या मैदानावर पाच फेऱ्या होतात, जोडीदार प्रत्येक फेरीची वेळ लिहितो. एकाच्या आल्या 28, 33, 41, 47, 46 सेकंद. दुसऱ्याच्या 46, 46, 47, 48, 45. पहिला 37 सेकंद आधी पोचला, पण वेग राखायला शिकला तो दुसरा, जास्त मार्क त्यालाच. हे एकदा फळ्यावर मांडून दाखवलं की मुलांना पटतं, पालकांनाही पटतं.

खो-खोचंही तसंच. किती गडी मारले हे मोजायचं नाही, ते समोर कोण पळतंय त्यावर ठरतं. खो मिळायच्या आधीच उठतो का, खो देऊन लगेच त्या जागी बसतो का, मारताना दिशा बदलतो का, एवढं बघायचं. काही गुण मी पंचगिरीला ठेवते. ज्या पुण्यात 1914 मध्ये डेक्कन जिमखान्यानी या खेळाचे नियम बसवले तिथल्या पोरांना फाऊल ओळखता येऊ नये म्हणजे काय! पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला मी कारण विचारत नाही, शिट्टी किंवा खेळाचे गुण लिहायचा कागद देते, आणि त्या कामाचीही नोंद होते. गणवेशाचे, पांढऱ्या कॅनव्हास बुटांचे मार्क कापणं बंद केलं, बूट मूल विकत घेत नाही.

केंद्र सरकारच्या खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्या जरूर घ्या, बीएमआय (उंचीच्या मानानी वजन), वाकून पुढे हात पोचवणं, पोटाचे व्यायाम वगैरे, पण ती आरोग्याची नोंद म्हणून वेगळी ठेवा. बीएमआयवरून श्रेणी देणारे मी पाहिलेत, कृपा करून नको.

आणि वही ठेवा. 66 जणांकडे एका तासात बघणं होत नाही, नाद सोडा. मी तासाला फक्त सहा जण बघते, कोण ते त्यांना सांगत नाही, 11 तासात तुकडी पूर्ण. नोंद एकाच ओळीची, "खो द्यायची घाई, तीनदा फाऊल, चौथ्यांदा स्वतःच थांबला" अशी. "खेळात रस घेतो" हे कुणालाही चिकटतं, ते लिहू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट सोडवता आलेली नाही. शाळेच्या संघातली मुलं, जिल्ह्याला खेळणारी, तासाला येतच नाहीत, सकाळ-संध्याकाळ सराव करून दमलेली असतात. मागच्या वर्षी एकीला ब-1 दिली तर तिचे कोच स्टाफरूममध्ये येऊन तावातावानी बोलून गेले, इतकी चांगली खेळाडू आणि पीटीत ब-1? मी वही काढली, तिच्या नावापुढे 11 पैकी सात वेळा गैरहजर. कोच म्हणाले मग माझ्या सरावाची वही बघा. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. या वर्षी त्यांची वही मागवून घेतलीये, अजून आलेली नाही.