लहान आणि किशोरवयीन मुलांना पुस्तक कसं सुचवावं

‘दहा वर्षांच्या मुलीसाठी एखादं छान पुस्तक सांगा ना,’ असं कुणी म्हटलं की आपण लगेच नावं सांगायला लागतो. नुसत्या वयावरून बुटाचं मापही सांगता येत नाही, पुस्तक कुठून सांगणार? तेव्हा आधी त्या मुलीशी बोला, जमलं तर आईवडिलांना जरा बाजूला ठेवून. ते शेजारी असले की उत्तरं तेच देतात.

विचारायचं काय?

‘तुला कोणती पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न फारसं न वाचणाऱ्या मुलाला तोंडी परीक्षेसारखा वाटतो. त्यापेक्षा ‘इतक्यात असं काय पाहिलंस किंवा खेळलास, जे संपूच नये असं वाटलं?’ असं विचारा. सिनेमा, व्हिडिओ गेम, कॉमिक्स, काहीही चालेल. मग त्यात नेमकं काय आवडलं, ते खोदून काढा.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांनी यासाठी एक सोपी मांडणी केली आहे: वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो. कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. ‘पुढे काय होणार ते कळतच नव्हतं’ म्हणणाऱ्याला वेगवान कथानक हवं. ‘त्याचा तो विक्षिप्त दोस्त भारी होता’ म्हणणाऱ्याला पात्रं हवीत. जी मुलगी त्या दुनियेचा नकाशा काढून दाखवते, तिला स्थळकाळात रस आहे. विनोद आणि यमकं पाठ करून म्हणणारा भाषेच्या दाराने येतो. म्हणूनच ड्रॅगनचा सिनेमा आवडला की ड्रॅगनचंच पुस्तक द्यावं असं नाही. कदाचित त्यातली मैत्री आवडली असेल. फुटबॉलवेड्या मुलाला खेळाडूची गोष्ट नकोशी आणि विक्रमांचे तक्ते हवेहवेसे असू शकतात. माहितीपर पुस्तक वाचणं हेही वाचनच, हे मोठी माणसं फार पटकन विसरतात.

झेपेल का?

पाच बोटांची चाचणी करून पाहा. पुस्तकाच्या मधलं, भरपूर मजकुराचं एक पान मुलाला वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. दोन-तीन बोटं मिटली तर पुस्तक अगदी योग्य. पाचही मिटली तर सध्या एकट्याने वाचायला जड. एकही मिटलं नाही म्हणून पुस्तक काढून घेऊ नका, सोप्या पुस्तकांनी वेग आणि आत्मविश्वास वाढतो. अर्थात हा ठोकताळाच आहे. डायनोसॉरचं वेड असलेलं मूल ‘टायरॅनोसॉरस’ न अडखळता वाचतं आणि एखाद्या साध्या जोडाक्षरावर थांबतं. जड पुस्तकाची ओढच असेल तर वाचून दाखवा किंवा ऑडिओबुक द्या. लहान वयात स्वतः वाचून जेवढं समजतं, त्यापेक्षा ऐकून सहसा जास्त समजतं.

नायकाचं वयही बघा. मुलांना सहसा आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडतं. वाचनात मागे असलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात सात वर्षांच्या नायकाची गोष्ट दिली, तर तो अपमान समजतो, आणि त्याचं चुकत नाही. त्याला मोठा टाइप, छोटी प्रकरणं, पण नायक त्याच्या वयाचा असं काहीतरी शोधा. चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या ग्राफिक कादंबऱ्या आणि पुस्तकांच्या मालिका इथे फार उपयोगी पडतात. मालिकेच्या दुसऱ्या भागापर्यंत पात्रं ओळखीची झालेली असतात, त्यामुळे निम्मी मेहनत वाचते.

पुस्तक पुढे करताना

सुचवण्याआधी स्वतः वाचा; अगदीच वेळ नसेल तर सुरुवात, मधलं एखादं प्रकरण आणि शेवट तरी. मृत्यू, हिंसा असे विषय टाळायलाच हवेत असं नाही, पण ते आहेत हे आपल्याला ठाऊक हवं. आणि पुस्तक औषधासारखं देऊ नका. आईबाबा वेगळे झालेल्या प्रत्येक मुलाला त्याच विषयावरची गोष्ट हवी असते असं नाही. एखाद्याला त्यापासून दूर, अंतराळात जायचं असतं.

एकच पुस्तक दिलं की तो आग्रह होतो. तीन द्या: एक हमखास जुळणारं, एक थोडं वेगळं, एक अगदीच भलतं. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोला आणि गोष्टीत घोळ सुरू होतो तिथे थांबा. ‘यातून खूप शिकायला मिळेल’ आणि ‘तुझ्या वयाची असताना मी हेच वाचायचे’ ही दोन वाक्यं कायमची विसरा. मग तिथून उठून जा. ही पायरी सगळ्यांत अवघड.

किशोरवयीन मुलांसाठी

तेराव्या आणि अठराव्या वर्षाला एकाच फळीवर बसवू नका. सतराव्या वर्षी बरीचजणं मोठ्यांची पुस्तकं वाचत असतात. या वयात मोठ्यांपेक्षा मित्रांचा शब्द चालतो, तेव्हा उलट त्यांनाच एखादं पुस्तक सुचवायला सांगा. आणि खरोखर वाचा, कारण न वाचता केलेलं कौतुक त्यांना लगेच कळतं. त्यांनी एकट्याने येऊन एखाद्या नाजूक विषयावरचं पुस्तक मागितलं, तर चौकशी न करता, चारचौघांत न बोलता द्या.

नंतर

सारांश विचारू नका. ‘कुणाचा राग आला?’ एवढं पुरे. अर्धवट सोडायची मुभा आधीच द्या. पन्नास पानं वाचून बघा, नाही रुचलं तर सोडा, असा पर्ल यांचा नियम आहे; लहान मुलांना मी दोन प्रकरणं पुरे म्हणते. सोडलं तर कुठे सोडलं ते विचारून टिपून ठेवा: वर्णनं लांबली तेव्हा, की भीती वाटली तेव्हा? पुढची तीन पुस्तकं त्या टिपणावरून निवडा. सोडलेलं पुस्तक वर्षभराने पुन्हा समोर ठेवायला हरकत नाही, फक्त मागच्या वेळचा विषय काढू नका.