औषधाने बाधित झालेली माती जिवाणूंकडून कशी साफ करून घ्यावी

फवारणीच्या औषधांनी शेतातील माती सगळीकडे सारखी बाधित होत नाही. सर्वांत जास्त औषध साचते ते बहुधा विहिरीच्या किंवा हौदाच्या काठावर, जिथे वर्षानुवर्षे पंप भरला जातो, द्रावण ढवळताना सांडते आणि फवारणी संपल्यावर टाकी धुतली जाते. एकरभर पिकावर विरळ पसरणारे औषध या चार-पाच हात जागेत घट्ट मुरते आणि त्याच्या खालीच आपले पिण्याचे पाणी असते. म्हणून शुद्धीकरणाची सुरुवात रानापासून नव्हे, तर या जागेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी मातीत नेमके काय आहे हे पाहावे लागते. अॅट्राझिन हे तणनाशक, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक यांसारखे रेणू जिवाणू आणि बुरशी तोडू शकतात. बोर्डो मिश्रणातून (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकातून) द्राक्षबागेच्या मातीत उतरलेले तांबे मात्र मूलद्रव्य आहे, ते तुटत नाही, आणि त्यासाठी कोणतेही जिवाणू कल्चर (बाटलीत वाढवलेले जिवाणू) ओतले तरी पैसा वाया जातो. जुन्या खरेदीच्या पावत्या, फवारणीची वही आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण यांवरून औषधांची यादी करावी.

मग घरच्या घरी दोन चाचण्या कराव्यात. तणनाशकासाठी तीन कुंड्या घ्याव्यात: एकीत संशयित माती, दुसरीत त्याच पोताची स्वच्छ माती आणि तिसरीत संशयित मातीत, किलोला दोन चमचे या प्रमाणात, पाण्याच्या फिल्टरमधील सक्रिय कोळशाची पूड मिसळलेली. तिन्हींत काकडी किंवा सोयाबीन पेरून तीन आठवडे पाहावे. अॅट्राझिन असेल तर बी व्यवस्थित उगवते, त्यामुळे पहिला आठवडा सारे ठीक वाटते; त्यानंतर जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, कडा करपत आत येतात आणि रोप बसते. कोळशाच्या कुंडीतील रोप हिरवे राहिले, तर दोष क्षारांचा किंवा अन्नद्रव्याचा नसून औषधाचा आहे, हे जवळपास पक्के समजावे. कीटकनाशके या चाचणीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एका ओलसर खोक्यात अर्ध्या बाजूला संशयित आणि अर्ध्या बाजूला स्वच्छ माती भरून मधोमध दहा गांडुळे सोडावीत. दोन दिवसांनी आठहून अधिक गांडुळे स्वच्छ बाजूला सापडली, आणि पुन्हा करून पाहिल्यावरही तसेच झाले, तर ती माती जगण्यालायक राहिलेली नाही. औषधाचे नाव आणि प्रमाण हवे असेल तर मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेला पर्याय नाही. त्यासाठी नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता काचेच्या बरणीत द्यावा.

पंप धुण्याच्या जागेसाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत म्हणजे जैविक गादी (बायोबेड), म्हणजे सांडलेले औषध धरून ठेवून जिवाणू-बुरशीकडून तोडून घेणारा काड-मातीचा खड्डा, जी 1993 मध्ये स्वीडनमध्ये प्रथम वापरात आली. तिथे निम्मे काड, पाव भाग पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि पाव भाग माती असे मिश्रण असते. आपल्याकडे पीटऐवजी चांगले कुजलेले कंपोस्ट चालते. विहिरीपासून दूर, पाणी वाहून येणार नाही अशा उंचवट्यावर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. तळाशी शेततळ्याचा कागद अंथरून त्यावर दहा सेंटिमीटर चिकणमाती ठोकून बसवावी. वरच्या पन्नास सेंटिमीटरसाठी दोन घनमीटर मिश्रण लागते, म्हणजे एक घनमीटर गव्हाचे काड किंवा बारीक केलेले उसाचे पाचट, अर्धा घनमीटर कंपोस्ट आणि अर्धा घनमीटर माती. या मातीत जुन्या जागेची वरची बाधित माती वापरता येते. मिश्रण एक-दीड महिना सावलीत ढीग लावून, अधूनमधून चाळवून मग भरावे. वर गवत लावावे आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून पत्र्याचे छप्पर करावे.

यात काड हे केवळ भर घालण्यासाठी नसते. काडाला कडकपणा देणारे लिग्निन कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीची विकरे इतकी ढोबळ असतात, की लिग्निनसोबत औषधांचे चिवट रेणूही फोडतात. धिंगरी अळिंबीचे वापरून झालेले बेड मिळत असतील तर ते मिश्रणात जरूर घालावेत, मात्र त्यावर नंतर उगवलेली अळिंबी कधीही खाऊ नये. ओलावा मुठीने तपासावा: मूठ आवळल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. पुढे पंप याच गादीवर उभा करून भरावा आणि धुवावा. काड कुजून गादी खाली बसते, म्हणून दरवर्षी नवी भर घालावी. काही वर्षांनी मिश्रण काढाल तेव्हा ते वर्षभर झाकून कुजवावे आणि तपासल्याशिवाय रानात पसरू नये. हे सारे काम हातमोजे आणि गमबूट घालूनच करावे.

रानातला प्रश्न वेगळा आहे. उसातील किंवा मक्यातील अॅट्राझिन आपल्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत, त्यातही पाऊस कमी झालेल्या वर्षी, जास्त काळ टिकते आणि मागून आलेल्या सोयाबीनला मारते. इथे उपाय म्हणजे कुजलेले शेणखत, हलकी मशागत आणि सतत वाफसा. युरिया मात्र आवरता घ्यावा, कारण अॅट्राझिन खाणारे कित्येक जिवाणू त्यातला नत्र मिळवण्यासाठीच ते तोडतात. नत्र आयते मिळाले की त्यांची भूक दुसरीकडे वळते. दरम्यान अॅट्राझिन सोसणारी ज्वारी किंवा मका घ्यावा.

ज्या रानात एखादे औषध वर्षानुवर्षे पडले आहे, तिथले जिवाणू ते खायला शिकलेले असतात. लिंडेन हे जुने कीटकनाशक तोडणारा स्फिंगोबियम इंडिकम हा जिवाणू ओडिशातील कटक येथे उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतच सापडला. म्हणून तेच औषध नेहमी वापरूनही ज्या शेतात पुढचे पीक बिनघोर येते, तिथली चार घमेली माती गादीत विरजणासारखी टाकावी. त्या शेतात मर किंवा सूत्रकृमी नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी. बाजारातील कल्चरची बाटली मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण काड, हवा आणि ओल नसेल तर बाहेरून आणलेले जिवाणू टिकत नाहीत.

डीडीटी, बीएचसी पावडर यांसारखी क्लोरीनयुक्त जुनी कीटकनाशके असतील तर काम वर्षांचे आहे. त्या रेणूंवरील क्लोरीन हवेविना लवकर निघते, म्हणून भाताच्या जमिनीत काड गाडून काही आठवडे पाणी साठवावे आणि नंतर रान सुकवून हवा द्यावी. अशा जमिनीत काकडी, भोपळा, झुकिनी ही वेलवर्गीय पिके घेऊ नयेत. त्यांची मुळे ही औषधे उचलून फळापर्यंत नेऊ शकतात.

मातीचा वास गेला म्हणजे औषध गेले असे नव्हे. दर तीन महिन्यांनी कुंड्यांची आणि गांडुळांची चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावी, तारीख आणि निकाल वहीत नोंदवावा, आणि दोन्ही चाचण्या लागोपाठ दोन वेळा स्वच्छ आल्यावरच प्रयोगशाळेच्या तपासणीवर खर्च करावा.