नव्या सोफ्यावर प्रोटेक्शन कव्हर घ्यायचं का? यूकेतल्या मराठी घरांसाठी

यूकेत सोफा पसंत पडला, रंग ठरला, डिलिव्हरीची तारीख मिळाली, की बिल करता करता सेल्समन विचारतोच, पाच वर्षांचं प्रोटेक्शन पण टाकू ना? म्हणजे डाग पडला, कापड फाटलं तर भरपाई देणारी पॉलिसी, वरून घालायचं कापड नव्हे. तिथे हो-नाही काहीच म्हणू नका. पॉलिसीचे कागद ईमेल करा, वाचून कळवते, एवढंच सांगा. आजच घ्यावं लागेल म्हणाले तर नको म्हणून मोकळे व्हा.

घरी आल्यावर आधी आपली होम कंटेंट्स इन्शुरन्स, म्हणजे घरातल्या सामानाच्या विम्याची पॉलिसी उघडा आणि त्यात अॅक्सिडेंटल डॅमेज, म्हणजे अपघाताने झालेलं नुकसान, आहे का बघा. असेल तर सांडलेला चहा नि फाटलेलं कापड बहुतेक त्यातच बसतं, मग एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला. एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा हिस्सा, किती आहे ते बघा, आणि क्लेम केला तर पुढचा प्रीमियम वाढू शकतो हेही धरा. नसेल तर ते अॅड करायला किती पडतं ते विचारा, कारण ते टीव्ही, कार्पेट सगळ्यालाच लागतं.

सोफ्यातच दोष निघाला, म्हणजे फ्रेम मोडली, शिवण उसवली, तर त्याची जबाबदारी दुकानाची आहे, त्यासाठी कव्हर विकत घ्यायची गरजच नाही. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ प्रमाणे सदोष माल पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातलाच होता असं धरतात, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. त्यानंतर सिद्ध करायचं काम आपलं, पण दावा इंग्लंड-वेल्समध्ये ६ आणि स्कॉटलंडमध्ये ५ वर्षांपर्यंत करता येतो. आणि निदान डिपॉझिट तरी क्रेडिट कार्डाने भरा. सोफ्याची किंमत १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० च्या आत असेल तर कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीही दुकानाइतकीच जबाबदार राहते, दुकान बंद पडलं तरी.

आता अवघड भाग, म्हणजे कशाला कव्हर नाही त्याची यादी वाचणं. मलाही हे नीट कळायला बराच वेळ लागला, कारण ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात "डागांपासून संरक्षण" लिहिलेलं असतं आणि माणूस तिथेच थांबतो. खरी अट अशी असते की डाग एकाच वेळी, अचानक, अपघाताने पडलेला हवा. हळूहळू साठत गेलेला डाग चालत नाही. आता आपल्या घरात काय होतं बघा. डोक्याला खोबरेल तेल लावून रोज त्याच कोपऱ्यात बसायचं, आणि वर्षभरात मान टेकायच्या जागी काळपट चट्टा. तेल, घाम, रोजच्या वापराचा मळ, झीज, हे सगळं बहुतेक पॉलिसींमध्ये बाहेर असतं. कुत्र्या-मांजराने चावलेलं, ओरबाडलेलंही बऱ्याचदा बाहेर. वरणभाताची वाटी उलटली तर मात्र तो अपघात, तो बसतो, पण ठरलेल्या मुदतीत कळवलं तरच. कुठे २८ दिवस असतात, कुठे कमी, आपल्या कागदात शोधा.

माझ्या नणंदेने फॉर्मवर अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, गेल्या काही महिन्यांत मुलांनी डाग पाडलेत. क्लेम नामंजूर, कारण नेमकी घटनाच सांगता आली नाही. म्हणून साठवून एकदम क्लेम करू हा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, आणि खोटी तारीख तर मुळीच टाकू नका, ती फसवणूक होते. डाग पडला त्याच दिवशी फोटो काढा, त्याच दिवशी कळवा, प्रत्येक डाग वेगळा.

आणि हळदीच्या डागावर साबण किंवा बेकिंग सोडा घासू नका!! साबण-सोडा लागला की हळद लाल होते आणि वर कंपनी म्हणायला मोकळी की तुम्हीच कापड खराब केलंत. कोरड्या पांढऱ्या कापडाने नुसतं टिपून घ्या. लेबलवर डब्ल्यू असेल तर पाण्याचा क्लीनर चालतो, एस असेल तर पाणी लावायचंच नाही.

मंजूर झालं की लगेच नवा सोफा येतो असंही नाही. आधी साफ करणारा माणूस येतो, मग दुरुस्ती, मग तेवढाच भाग बदलतात आणि रंग तंतोतंत जुळेल याची हमी नसते. पूर्ण सोफा बदलून दिला की पॉलिसी तिथेच संपते असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. सोफ्याच्या कापडी खोळी काढून धुता येत असतील तर प्रोटेक्शन घेऊ नका. लेदर असेल, घरात लहान मूल नसेल, तरी नको. फिकट रंगाचं कापड, दोन लहान मुलं, कंटेंट्समध्ये अॅक्सिडेंटल डॅमेज नाही, हे तिन्ही जुळलं तरच विचार करा, आणि तेव्हाही सोफ्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मागत असतील तर मी तरी देणार नाही.

घेऊन झालंय आणि पटत नाहीये? इन्शुरन्स पॉलिसी असेल तर साधारण १४ दिवसांत रद्द करता येते. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ८ आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा-बँकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, त्याला काही पैसे पडत नाहीत, फक्त कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा.