'मेन इन ब्लॅक'वर चाहत्यांची चर्चा कशी रंगवावी

विनोदी चित्रपटाचे चाहते एकत्र जमले की सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे आवडते संवाद म्हणून दाखवण्यात जातात, सगळे मनसोक्त हसतात आणि मग बोलायला फारसे काही उरत नाही. 'मेन इन ब्लॅक' या १९९७ सालच्या चित्रपटाच्या बाबतीत असे होणे विशेष खेदाचे आहे. माणसांच्या वेशात पृथ्वीवर लपून राहणारे परग्रहवासी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी काळ्या सुटातल्या माणसांची गुप्त संस्था एवढ्याशा कल्पनेवर दिग्दर्शक बॅरी सोनेनफेल्ड आणि पटकथाकार एड सॉलोमन यांनी जे उभे केले आहे, त्यात वाद घालण्याजोगे पुष्कळ आहे. तो वाद रंगावा यासाठी काय करावे, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी आवाका ठरवावा. या मालिकेत १९९७, २००२, २०१२ आणि २०१९ असे चार चित्रपट आहेत, शिवाय एक सचेतपट (अ‍ॅनिमेशन) मालिकाही येऊन गेली; सगळ्यांना एकाच बैठकीत घेतले, तर कोणता भाग सरस यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून पहिल्या बैठकीला पहिला चित्रपटच घ्यावा आणि तो प्रत्येकाने चर्चेआधी दोन-चार दिवसांत पुन्हा पाहिलेला असावा. 'मला तो पाठ आहे' असे म्हणणाऱ्याने तर आवर्जून पाहावा, कारण पाठ असतात ते संवाद; त्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात काय चालले होते, हे सहसा कोणाच्याच लक्षात राहिलेले नसते. नियम एकच पुरेसा आहे: जो विधान करील, त्याने ते कोणत्या प्रसंगात दिसते तेही सांगावे.

हा नियम बाहेरून आणलेला नाही, तो चित्रपटातच आहे. संस्थेत भरती होण्यासाठी आलेल्या उमेदवारांची नेमबाजीची परीक्षा आठवून पाहावी. समोर एकाहून एक भयंकर राक्षसांच्या आकृत्या उसळतात, बाकीचे उमेदवार धडाधड गोळ्या झाडतात आणि विल स्मिथने साकारलेला पोलीस मात्र एकच गोळी झाडतो, तीही पुस्तके घेऊन उभ्या असलेल्या एका लहान मुलीच्या आकृतीवर. कारण विचारल्यावर तो एकेक निरीक्षण मांडतो. दिव्याच्या खांबाला लटकलेला राक्षस व्यायाम करत होता. दात विचकणाऱ्याच्या हातात रुमाल होता, म्हणजे त्याला शिंक येत होती. आणि अशा वस्तीत, रात्रीच्या वेळी, राक्षसांच्या गराड्यात पुंज भौतिकीची जाडजूड पुस्तके घेऊन फिरणारी एवढीशी मुलगीच खरी संशयास्पद होती. हा प्रसंग चर्चेच्या आरंभी सर्वांना दाखवावा आणि मग विचारावे की त्याचे बरोबर होते का. गंमत अशी की चित्रपट याचे उत्तर देतच नाही. त्याला निवडले जाते, पण ती मुलगी धोकादायक होती असे कोणीही म्हणत नाही. निवड निरीक्षणासाठी झाली की निष्कर्षासाठी, या एका प्रश्नावर जाणकार चाहते अर्धा तास सहज बोलतात.

त्यानंतर विनोदाकडे वळावे. 'हे विनोदी का वाटते' असा मोघम प्रश्न विचारला, तर उत्तरेही मोघम येतात. त्याऐवजी 'हसू नेमके कोणत्या क्षणी आले' असे विचारावे. यासाठी सर्वांत चांगला नमुना म्हणजे रस्त्याकडेला मोटारीत होणारे बाळंतपण. एका परग्रहवासी जोडप्याला थांबवले जाते, बायकोला कळा सुरू झालेल्या असतात आणि टॉमी ली जोन्सने साकारलेला संस्थेचा मुरलेला माणूस 'के' नवशिक्या 'जे'ला, म्हणजे विल स्मिथच्या त्या पोलिसाला, तिच्या मदतीला धाडून स्वतः नवऱ्याशी बोलत उभा राहतो. चौकटीच्या पुढल्या भागात दोन माणसे बसस्टॉपवर भेटल्यासारखी शांतपणे बोलत आहेत. मागे, त्याच चौकटीत, मोटारीतून निघालेली एक लांबलचक सोंड 'जे'ला उचलते, आपटते, पुन्हा उचलते. 'के' मागे वळूनही पाहत नाही. हा तुकडा एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा नुसता ऐकावा. आवाजाशिवाय ती मारधाड वाटते. चित्राशिवाय पुढचे संभाषण अगदी नेहमीचे वाटते. हसू उत्पन्न होते ते या दोन गोष्टी एका चौकटीत एकमेकींची दखल न घेता चालू राहतात म्हणून, आणि मध्येच दृश्य तोडून 'जे'चा चेहरा जवळून दाखवला असता, तर निम्मी मजा गेली असती.

सोनेनफेल्ड दिग्दर्शक होण्यापूर्वी छायाचित्रणकार होते आणि रुंद कोनाच्या भिंगावर त्यांचे विशेष प्रेम आहे, ही माहिती येथे उपयोगी पडते, कारण ती समोरच्या दृश्याचे स्पष्टीकरण देते. माहिती केव्हा सांगावी याची कसोटीही हीच धरावी. रंगभूषेसाठी रिक बेकर आणि डेव्हिड लीरॉय अँडरसन यांना ऑस्कर मिळाले, हे सांगून कोणी थांबला तर ती सामान्यज्ञानाची स्पर्धा झाली; पण शेतकरी एडगरच्या कातडीत शिरलेला महाकाय कीटक त्या कातडीत मावत नाही, हे रंगभूषेने किती दाखवले आणि व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओच्या ताठरलेल्या पायांनी व घोगऱ्या, तुटक बोलण्याने किती, असा प्रश्न काढला तर ते ऑस्कर चर्चेत कामाला आले. माझ्या मते श्रेय थोडे अधिक त्या चालण्याला जाते. साखरपाणी मागणारा एडगर भयानक असूनही हास्यास्पद वाटतो, तो चेहऱ्यामुळे नव्हे, तर माणसाचे शरीर कसे वापरावे हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही असे वाटत राहते म्हणून.

कथानकावर बोलताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. चित्रीकरणाच्या वेळी कथेत परग्रहवासीयांच्या दोन भांडणाऱ्या जमाती होत्या. पुढे संकलनाच्या टप्प्यावर हे फार गुंतागुंतीचे वाटल्याने एक जमात गाळण्यात आली आणि त्यासाठी उपाहारगृहातल्या दोघा परग्रहवासीयांच्या संभाषणाची उपशीर्षके, मुख्यालयातल्या पडद्यांवरचा मजकूर आणि फ्रँक नावाच्या बोलक्या कुत्र्याचे संवाद बदलण्यात आले. हे कळल्यावर चाहत्यांना तो प्रसंग पुन्हा पाहण्याची उत्सुकता वाटते आणि पाहावाही. मात्र 'मूळ कथा अशी होती' हे 'चित्रपटाचा अर्थ असा आहे' याचा पुरावा म्हणून वापरू देऊ नये. पडद्यावर जे आले तेच प्रमाण. त्या पडद्यावर, सगळे जिच्या शोधात आहेत ती आकाशगंगा कोठे दडली आहे, हे कोडे मात्र चोख मांडलेले आहे. ज्या मांजराच्या गळ्यात ती दडलेली आहे, ते मांजर आपल्याला आधीच दाखवलेले असते, आणि 'आकाशगंगा म्हणजे प्रचंडच असणार' या आपल्या गृहीतकामुळे आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पहिल्यांदा पाहणारा सदस्य बैठकीत असेल, तर त्याला हे कोडे कोठे सुटले हे सर्वांआधी विचारावे. जुन्या चाहत्यांना ते आता सांगता येत नाही.

चुका काढण्याची हौस प्रत्येक गटात असते आणि ती दाबून टाकण्याचे कारण नाही, पण तिला वळण द्यावे लागते. पाण्याच्या काठी बाकावर बसून 'के' सांगतो की पंधराशे वर्षांपूर्वी सर्वांना पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी आहे हे ठाऊक होते, पाचशे वर्षांपूर्वी ती सपाट आहे हे ठाऊक होते आणि पंधरा मिनिटांपूर्वी या ग्रहावर आपण एकटेच आहोत हे तुला ठाऊक होते. इतिहासाच्या दृष्टीने यातला मधला भाग टिकत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ मोजला होता आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या शिकलेल्या माणसांना पृथ्वी गोल असल्याचे माहीत होते. उलट पृथ्वी केंद्रस्थानी असल्याचा समज तेव्हाही कायम होता, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. आता 'लेखकाची चूक' असा शिक्का मारून पुढे जाता येते. त्यापेक्षा गटाला तीन पर्याय द्यावेत: चूक लेखकाची आहे, चूक 'के'ची आहे, किंवा गर्दीच्या अज्ञानाबद्दल बोलणारा 'के' स्वतःच गर्दीतला एक लोकप्रिय गैरसमज खरा मानून चालला आहे. प्रत्येकाने एक पर्याय निवडून त्याची बाजू मांडावी. तिसरा पर्याय लेखकांच्या मनात असेल असे मला वाटत नाही, तरीही तो सर्वांत रसाळ आहे, कारण एकेकटा माणूस शहाणा आणि जमाव मूर्ख, हे 'के'चे तत्त्वज्ञान त्यामुळे त्याच्यावरच उलटते.

चर्चेचा मोठा वेळ मात्र न्यूरलायझरसाठी राखून ठेवावा. एक लखलखाट आणि माणसाची आठवण पुसली जाते, हा चित्रपटातला सर्वांत आवडता विनोद आहे आणि नीट पाहिले तर सर्वांत अस्वस्थ करणाराही. सुरुवात एडगरच्या बायकोपासून करावी. नवऱ्याच्या कातडीत शिरलेल्या कीटकाला तिने पाहिले आहे. आठवण पुसल्यावर 'के' तिला रुक्षपणे एक साधी गोष्ट पढवतो आणि 'जे'ला ती अपुरी वाटते, म्हणून तो तिला सुचवतो की नवऱ्याला तिनेच घराबाहेर काढले, आता तिने स्वतःसाठी छान कपडे घ्यावेत, घर सजवून घ्यावे. आपण हसतो आणि 'जे' आपल्याला आवडू लागतो. येथे गटाला थांबवून विचारावे की कोणते वागणे अधिक प्रामाणिक: आठवण पुसून रिकामी जागा सोडणारे, की तीत दयाळू खोटे भरणारे? त्यानंतर शवागारातल्या डॉक्टर लॉरेल वीव्हर घ्याव्यात. त्यांची आठवण एकदा नव्हे, अनेकदा पुसली गेली आहे, याचा त्रास होत असेल का असा प्रश्न खुद्द 'जे'लाच पडतो. 'माझ्यावर कधी हे यंत्र वापरलेस का' असे तो विचारतो तेव्हा 'के' नाही म्हणतो. प्रेक्षकाला ठाऊक आहे की हे धादांत खोटे आहे, कारण जीब्ज नावाच्या परग्रहवासीच्या दुकानातल्या प्रकारानंतर 'के'ने त्याच्यावर ते वापरलेले आपण पाहिले आहे. विनोद इतक्या झटकन येऊन जातो की त्यातली फसवणूक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणि शेवटी 'के' स्वतःहून आठवण पुसून घ्यायला तयार होतो, तेव्हा उपग्रहाच्या चित्रातून तो गुपचूप जिला पाहत असे, ती बाई आपल्याला आठवते.

या चार प्रसंगांत संमतीची चार वेगळी रूपे आहेत. गटाने ती क्रमाने लावून पाहावीत, म्हणजे न्यूरलायझर बरा की वाईट असला सरधोपट वाद टळतो. काही सदस्य म्हणतील, विनोदी चित्रपटाला एवढे नैतिक ओझे कशाला? त्यांचेही ऐकून घ्यावे, पण त्यांना तिसऱ्या चित्रपटाची आठवण करून द्यावी. तेथे १९६९ सालच्या एका प्रसंगात हेच यंत्र लहानग्या 'जे'वर वापरलेले दिसते आणि पहिल्या चित्रपटातला हलकाफुलका नकार एकदम जड होतो. म्हणजे निर्मात्यांनाही त्या विनोदाखाली दडलेले दिसत होते.

पुढच्या भागांची संगती लावणे हा स्वतंत्र खेळ आहे. 'के'च्या सांगण्यानुसार परग्रहवासीयांशी पहिला संपर्क १९६१ साली झाला आणि वाट चुकून तेथे पोहोचलेला, हातात फुले घेतलेला तरुण म्हणजे तो स्वतःच. तिसऱ्या चित्रपटात १९६९ साली तो आपले वय २९ सांगतो, म्हणजे संपर्काच्या वेळी तो २०-२१ वर्षांचा होता आणि हिशेब बरोबर जुळतो. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस 'जे'ची जोडीदार झालेली डॉक्टर मात्र दुसऱ्यात एका वाक्यात शवागारात परत पाठवली जाते. हे कथेच्या गरजेपोटी झाले, एवढे मान्य करून मोकळे व्हावे. त्यासाठी ओढूनताणून सिद्धांत रचण्यात हशील नाही. २०१९ चा चित्रपट नव्या पात्रांचा असल्याने तो वेगळ्या बैठकीलाच शोभतो.

एका वळणावर मात्र सावध राहावे. काळ्या कपड्यातल्या माणसांची आख्यायिका चित्रपटाहून जुनी आहे. अमेरिकेत उडत्या तबकड्यांविषयी एक संघटना चालवणाऱ्या अल्बर्ट बेंडरने १९५३ साली ती बंद केली आणि तीन गडद कपड्यातल्या माणसांनी आपल्याला गप्प बसायला सांगितल्याचा दावा केला. ग्रे बार्करच्या १९५६ च्या पुस्तकाने ती गोष्ट सर्वदूर नेली आणि १९९० साली लोवेल कनिंगहॅमच्या चित्रकथेने तिला गुप्त संस्थेचे रूप दिले. ती चित्रकथा बरीच काळीकुट्ट आहे. हा प्रवास सांगावा, कारण भीतीच्या गोष्टीची विनोदाची गोष्ट कशी झाली हे त्यातून दिसते. परंतु कोणी खऱ्याखुऱ्या तबकड्यांचे पुरावे काढू लागला, तर त्याला नम्रपणे चित्रपटाकडे परत आणावे. त्यासाठी चित्रपटातच सोय आहे: ही संस्था आपली खबर भडक मथळ्यांच्या सवंग वर्तमानपत्रांतून मिळवते. असल्या बातम्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना चित्रपट हसतो की न ठेवणाऱ्यांना, असे विचारले की तबकडीवाला आपोआप मूळ विषयावर येतो.

बैठक संपवताना मतदान घेऊ नये. त्याने वाद मिटतो, पण बोलणेही मिटते. ज्या प्रसंगांबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, ते लिहून घ्यावेत आणि पुढच्या वेळी कोणी काय तपासून यायचे ते वाटून द्यावे. जागा उरली तर शेवटचे दृश्य, ज्यात आपली सगळी आकाशगंगा कोणाच्या तरी खेळातली गोटी ठरते, ते मांजराच्या गळ्यातल्या गोटीशेजारी ठेवून पाहण्याचे काम ज्याला चित्रपट सर्वांत कमी आवडला असेल, त्याच्याकडे सोपवावे.